असे कुठे घडते?

शुगर लँडमधील आमच्या घरातले जेवणाचे टेबल सहा जणांचे आहे. परंतु एखादा मराठी सिनेमा पाहून झाला, की त्याच टेबलाभोवती चौदा माणसे बसतात आणि पंधरा मते मांडली जातात, असा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. मी १९७८ साली ह्यूस्टनला आलो आणि १९९१ मध्ये आम्ही इकडे घर घेतले. त्या काळी हिलक्रॉफ्ट रस्त्यावरील देशी दुकानांत तूरडाळीबरोबर सिनेमांच्या कॅसेटही भाड्याने मिळत. हिंदी ढीगभर, मराठी क्वचितच. मग भारतातून येणाऱ्या आई-वडिलांच्या बॅगेत भाजणीच्या पिशवीशेजारी एखादी मराठी कॅसेट येई. ती इथल्या व्हीसीआरवर चालत नसे, कारण तिकडची पद्धत 'पाल' आणि इकडची 'एनटीएससी'. मग दोन्ही पद्धती चालणारा व्हीसीआर गावात कोणाकडे आहे ह्याचा शोध सुरू होई. ज्याच्याकडे तो असे, त्याच्या घरी शनिवारी रात्री सगळे जमत. आमच्याकडे तो होता. त्यामुळे टेबलाचे असे झाले!

वाद तेव्हाही होत. १९९१ च्या 'माहेरची साडी'ने महाराष्ट्रात गर्दीचे विक्रम केले, तेव्हा तो आम्हीही पाहिला. अलका कुबल ह्यांच्या वाट्याला येणारी दुःखे मोजत आम्ही पुरुष मंडळी हसत होतो. "इतकं कुठं असतं का कधी?" असे कोणीतरी म्हणाले. तेव्हा एक वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला कधी सासरी जावं लागलं नाही, म्हणून तुम्हाला हसू येतंय." हसणे थांबले. चहा आला आणि विषय बदलला. हा प्रसंग मी पुढे पंचवीस वर्षे विसरून गेलो होतो. तो २०१६ च्या उन्हाळ्यात पुन्हा आठवला, आणि हा लेखनप्रपंच त्यासाठीच.

नागराज मंजुळे ह्यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्यापूर्वी फेब्रुवारीत तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला होता आणि रिंकू राजगुरू ह्या शाळकरी मुलीला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला होता. अजय-अतुल ह्यांनी त्याचे संगीत इथे लॉस एंजेलिसला येऊन ध्वनिमुद्रित केले, ह्याचे आम्हा अमेरिकावासीयांना विशेष कौतुक. मराठी चित्रपटाने शंभर कोटींच्या वर धंदा करावा, ही गोष्टही नवी होती. जून महिन्यात आम्ही पाच-सहा कुटुंबांनी तो एकत्र बसून पाहिला. गाण्यांना मंडळींनी बसल्या जागी ठेका धरला. आणि मग तो शेवट आला. एकही शब्द नाही, संगीत नाही. फक्त रक्ताने भरलेली पावले आणि एक लहान मूल.

टेबलाशी बराच वेळ कोणी बोलले नाही. आमची मुलगी इथेच वाढलेली, तेव्हा तिशीची. तिने विचारले, "बाबा, त्यांना कोणी मारलं ते कळलं. पण का मारलं ते नाही कळलं. आता तर सगळं नीट झालं होतं ना?" मी तिला म्हणालो, "अगं, सिनेमा आहे. असं कुठं घडतं? शेवट उगाच भडक केलाय."

आमच्यात एक मित्र होते, नगर जिल्ह्यातले. वीस वर्षे आमच्या गणपतीच्या आरतीला टाळ तेच धरायचे. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "घडतं. खर्ड्याला घडलं. आमच्या गावापासून लांब नाही." एवढे बोलून ते हात धुवायला उठले. थोड्या वेळाने ते आणि वहिनी निघून गेले.

खर्डा हे जामखेड तालुक्यातील गाव. मराठ्यांनी १७९५ मध्ये निजामाचा पराभव केला ते हेच, म्हणून शाळेत नाव पाठ केलेले. पण माझ्या मित्राने सांगितले ते खर्डा वेगळे होते. २८ एप्रिल २०१४ रोजी तिथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातीतील मुलीशी तो बोलतो, एवढे कारण सांगितले गेले. 'सैराट' प्रदर्शित झाला, त्याला ह्या घटनेनंतर दोन वर्षे आणि एक दिवस झाला होता. (पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या खटल्यातील आरोपी न्यायालयातून निर्दोष सुटले.) चित्रपट त्या घटनेवर बेतला आहे, असे मी म्हणत नाही. मी ज्याला 'कुठे घडते' म्हणालो, त्याला गावाचे नाव होते आणि तारीख होती, एवढेच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी वाद आमच्या मंडळींच्या फोनवरील गटात गेला. टेबलाशी जे गप्प बसले होते ते तिथे बोलू लागले, आणि ज्यांनी चित्रपट पाहिलाच नव्हता ते अधिक बोलू लागले. समोर माणूस नसला की आवाज आपोआप चढतो; त्यातून छापील अक्षराला सूर नसतो, त्यामुळे थट्टाही टोमण्यासारखी वाचली जाते. आमच्या मित्रांनी तिथे एक अक्षरही लिहिले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी गट सोडला. त्यानंतर 'वादग्रस्त विषय नकोत' असा नियम झाला, आणि गटावर वाढदिवसाच्या शुभेच्छा व उकडीच्या मोदकांच्या कृती एवढेच उरले. सर्वांना हायसे वाटले. मलाही वाटले, हे कबूल करतो.

निवृत्तीनंतर मला जुनी नाटके आणि जुने चित्रपट ह्यांच्या इतिहासाचा नाद लागला. त्यात एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या नाटक-सिनेमांवर सव्वाशे वर्षांत जे मोठे वाद झाले, त्यांतील आक्षेप बहुतेक चारच आहेत. पहिला : असे कुठे घडते? दुसरा : घडत असेल, पण दाखवायचे कशाला? तिसरा : ह्याने पोरे बिघडतील. चौथा : आपल्याच लोकांची बदनामी का? आमच्या गटावरील त्या तीन दिवसांतले संदेश मी पुन्हा वाचून पाहिले. चारही होते, आणि पाचवा नव्हता.

सुरुवात 'शारदा'पासून करू. गोविंद बल्लाळ देवलांचे हे संगीत नाटक १८९९ सालचे. पैशाच्या लोभाने बाप आपली कोवळी मुलगी एका म्हाताऱ्याला द्यायला निघतो, ही त्याची गोष्ट. हे नाटक आज आपण गाण्यांसाठी आठवतो. पण ते रंगभूमीवर आले तेव्हा जेमतेम आठ वर्षांपूर्वीच संमतिवयाच्या कायद्यावरून पुणे दुभंगले होते. मुलीचे संमतिवय दहाचे बारा करावे, एवढाच तो १८९१ चा कायदा. आगरकर आणि सुधारक त्याच्या बाजूचे. तर परक्या सरकारने आमच्या धर्माचारात हात घालू नये, ही टिळकांची भूमिका. सभा उधळल्या गेल्या, वर्तमानपत्रांतून एकमेकांची सालटी काढली गेली. अग्रलेखांनी जे लोक चिडले होते, त्यांच्यापैकी कित्येक 'शारदा'ला तिकीट काढून बसले. म्हातारा नवरदेव दिसला की हसत, आणि घरी जाताना आपल्याच आळीतल्या एखाद्या लग्नाची आठवण काढत. 'असे कुठे घडते' म्हणण्याची सोय राहिली नाही, कारण प्रत्येक गावात एक तरी भुजंगनाथ होता. बालविवाहाला आळा घालणारा कायदा व्हायला १९२९ साल उजाडले. तो 'सारडा कायदा' म्हणून ओळखला जातो, तो हरबिलास सारडा ह्यांच्यावरून. नाटकातील शारदेशी त्याच्या नावाचा संबंध नाही. पण योगायोग म्हणून तो लक्षात राहण्याजोगा आहे.

'शारदा'त त्या मुलीची सुटका दुसऱ्यांनी केली. मुलगी स्वतः 'नाही' म्हणाली ती १९३७ मध्ये, प्रभातच्या 'कुंकू'त. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवर शांतारामबापूंनी तो काढला. शांता आपट्यांची नीरा म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली; पण ती त्याला नवरा मानायलाच नकार देते. वकील झाले होते केशवराव दाते. त्यांच्या मुलीचे काम शकुंतला परांजपे ह्यांनी केले. रँग्लर परांजप्यांची ही कन्या खऱ्या आयुष्यातही र. धों. कर्व्यांच्या बरोबरीने संततिनियमनाचा प्रचार करणारी. म्हणजे पडद्यावर नीरेची बाजू घेणारी बाई पडद्याबाहेरही तीच बाजू घेत होती. आता आक्षेप पहिला उरला नव्हता. जरठ-कुमारी विवाह होतात, हे सर्वांना ठाऊक होते. आक्षेप आता तिसरा होता : नवऱ्यापुढे अशी उभी राहणारी बायको पाहून आमच्या मुली काय शिकतील? त्या काय शिकल्या, ते आपल्या आज्या सांगू शकल्या असत्या; आपण त्यांना विचारले नाही, ही आपली चूक.

ह्याच सुमारास मुंबईत सिनेमावर मत देणे हा एका माणसाने स्वतंत्र धंदाच करून टाकला. बाबूराव पटेल मूळचे पालघरकडील मासवणचे. त्यांचे 'फिल्मइंडिया' हे मासिक १९३५ मध्ये निघाले. इंग्रजी होते, पण माणूस अस्सल आपल्या मातीतला आणि तिखट. त्यांच्या परीक्षणाला भले भले निर्माते वचकून असत. परंतु लोक मासिक आधी उघडत ते वाचकांच्या प्रश्नोत्तरांच्या पानांवर. कुठल्याही गावचा माणूस तिथे काहीही विचारी आणि बाबूराव त्याला सोलून काढीत. ती उत्तरे आज वाचताना कित्येकदा संकोच वाटतो. माणसाच्या रूपावर, खासगी आयुष्यावर बोलायला ते कचरत नसत. तेव्हा 'पूर्वी वाद सभ्य होते, फोन आले आणि सगळे बिघडले', असे म्हणण्यात अर्थ नाही. पूर्वीही ते सभ्य नव्हते. एक फरक मात्र होता. बोलणारा कोण, हे सगळ्यांना ठाऊक असे, आणि उत्तर ऐकायला त्याला पुढच्या महिन्यापर्यंत थांबावे लागे.

दुसऱ्या आक्षेपाचा, म्हणजे 'दाखवायचे कशाला' ह्याचा, सर्वांत गमतीदार नमुना विजय तेंडुलकरांच्या 'गिधाडे'चा. १९७० मध्ये श्रीराम लागूंनी ते बसवले. साडीवरील लाल डागाला सेन्सॉरने हरकत घेतली. तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि प्रेक्षकांनी तो लाल समजावा, असे जाहीर करण्यात आले. रंग बदलल्याने घडलेली गोष्ट बदलत नाही, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल.

आता चौथा आक्षेप, आणि तो माझ्या घरातला. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. पीडीएची निर्मिती, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचे, आणि नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, अभियांत्रिकीचा विद्यार्थी. सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक मी पाहिला आणि अक्षरशः झपाटून घरी आलो. वडील शाळामास्तर, इतिहास शिकवणारे. आमचे बिऱ्हाड सदाशिव पेठेतील वाड्यात. "नाना फडणवीसांनी बुडतं राज्य सावरलं, आणि तुम्ही त्यांना बाईच्या मागे नाचवता? ब्राह्मणांची बदनामी करायला हाच विषय सापडला?" हा त्यांचा आक्षेप. त्यांनी नाटक पाहिलेले नव्हते. "आधी पाहा, मग बोला," हा माझा हेका. शहरात निषेध सुरू झाला होताच. १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवले. मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अ‍ॅकॅडमी काढली आणि जानेवारी १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभे केले. १९८० मध्ये ते युरोपला निघाले तेव्हाही विरोध झालाच.

ते वर्षभर नाटक बंद होते. पण आमच्या घरात त्याचा प्रयोग रोज रात्री पानावर होत असे. वडील १७९१ च्या ऑगस्टमधील ती घटना तपशिलाने सांगत : घाशीरामने कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, लोक खवळले आणि घाशीराम दगडांनी ठेचला गेला. मी म्हणे, नाटक इतिहासाचे नाहीच. सत्ता आपली माणसे कशी वापरते आणि फेकून देते, त्याचे आहे. आई म्हणे, "जेवताना पेशवाई पुरे." पण कोणी पानावरून उठून गेले नाही. आमच्या दीड खोलीच्या बिऱ्हाडात उठून जायला दुसरी जागाच नव्हती, हेही खरे!

१९७४ मध्ये वडील एकटेच, मला न सांगता, नाटक पाहून आले. रात्री पानावर बसल्यावर म्हणाले, "नाच उत्तम बसवलाय. पण नाना असे नव्हते." मी काही बोललो नाही. ताकाचा भुरका घेऊन ते पुढे म्हणाले, "घाशीरामाला कोतवाली मात्र नानांच्याच कारभारात मिळाली, हे खरं." बस्स, इतकेच. त्यांचे मत बदलले नाही, माझेही नाही. पण त्यांनी एक गोष्ट तपासून पाहिली आणि ती मुलापुढे कबूल केली. त्या वेळी मला तो माझा विजय वाटला. आज वाटते, तो त्यांचा मोठेपणा होता.

वाचकहो, २०१६ च्या त्या रात्री मी माझ्या वडिलांच्या जागी बसलो होतो. पण त्यांच्याइतका प्रामाणिकपणा माझ्याकडे नव्हता. 'शेवट मला भडक वाटला' हे मत झाले, आणि ते बाळगण्याचा मला अधिकार आहे. 'असे घडत नाही' हे मात्र मत नव्हे. ते विधान आहे आणि विधान तपासावे लागते. मी ते न तपासता केले, आणि ज्याला ते खोटे असल्याचे ठाऊक होते, त्याच्या समोर केले. वीस वर्षांत आम्ही त्याला त्याच्या गावाबद्दल काहीच विचारले नव्हते. आम्ही जात मानत नाही, असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात आम्ही फक्त तो विषय काढत नव्हतो.

ह्या दोन्हींत किती अंतर आहे, ते मला आमच्या ह्या गावानेच शिकवले. शुगर लँड म्हणजे तळी, सायकलींचे रस्ते, चांगल्या शाळा. नावातली साखर इम्पीरिअल कंपनीची. तिचा इथला कारखाना २००३ मध्ये बंद पडला. ऊस कोणी तोडला, हे मात्र आम्ही कधी विचारले नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये इथे शाळेच्या नव्या इमारतीचे खोदकाम चालू असताना माणसांची हाडे लागली. एकूण ९५ कबरी निघाल्या. गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही कृष्णवर्णीय माणसांना तुरुंगात टाकून उसाच्या मळ्यांना भाड्याने दिले जाई; ही त्या कैद्यांची दफनभूमी होती. पूर्वी तुरुंगात पहारेकरी असलेले रेजिनाल्ड मूर नावाचे गृहस्थ कित्येक वर्षे सांगत होते, की इथे कबरी आहेत, खोदण्याआधी पाहा. फार थोड्यांनी त्यांचे ऐकले. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या ९५ जणांचे त्याच जागी पुन्हा दफन झाले. आमच्या घरापासून ती जागा मोटारीने फार दूर नाही. मी तिथे कुंपणाशी उभा राहिलो, आणि मला आधी आठवले ते माझेच वाक्य : असे कुठे घडते?

त्याच आठवड्यात मी मित्रांना फोन केला. गटावर नव्हे, घरी. मी चिवडा घेऊन गेलो. दारातच म्हणालो, "त्या रात्री मी चुकलो." ते म्हणाले, "आत तर या." मग चहा झाला, आणि तीन तास आम्ही 'सैराट'वर बोललो. मजा अशी, की सिनेमा त्यांना माझ्याहून कमी आवडला होता! "पहिला भाग फार गोड आहे," ते म्हणाले, "आमच्याकडे भीती पहिल्या दिवसापासून असते. आणि झिंगाटवर नाचणारे शेवट विसरून घरी जातात, त्याचं काय करायचं?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री मी तोंड बंद ठेवले असते, तर हे परीक्षण मला तेव्हाच, टेबलाशीच ऐकायला मिळाले असते. निघताना ते त्यांच्या गावाविषयी, तिथल्या शाळेविषयी आणि विहिरीविषयी पहिल्यांदाच बोलले. ते इथे लिहिण्याचा अधिकार मला नाही.

मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तर मी दोन वर्षे उशिरा दिले. तिने पुढचा प्रश्न लगेच विचारला : "मग आपण कोण होतो, बाबा?" तेही सांगितले. सांगायला अर्धा तास लागला आणि माझा आवाज दोनदा अडला.

आपल्या मंडळात सिनेमा दाखवला, की लगेच जेवणाच्या रांगा लागतात. माझी एवढीच सूचना, की आधी अर्धा तास खुर्च्या गोल मांडाव्यात. ज्याने सिनेमा पाहिला त्यानेच बोलावे, स्वतःच्या नावाने बोलावे, आणि भांडण झाले तरी पुढच्या महिन्यात परत यावे. चिवडा आम्ही आणू. आमचे मित्र येणार आहेत. टाळही आणतो म्हणाले.